आठ मिनिटं उरतात

मराठी घरांत कॅसेट कधी 'रेकॉर्ड' झाली नाही. ती भरली जाई. पिंपात पाणी भरावं, वांग्यात मसाला भरावा, विजेचं बिल भरावं, तशी कॅसेट भरायची. "वसंतराव मिळाले तर एक भरून ठेवा म्हणालेत बाबा," असा निरोप शेजारून यायचा आणि निरोप आणणाऱ्या मुलाच्या हातात कोरी कॅसेट असायची. साखर मागायला वाटी पाठवावी तशी. आता एकदा भरणं म्हटलं की माप आलं. काठोकाठ झाली का? सांडली का? उरली किती? यातल्या शेवटच्या प्रश्नानं मध्यमवर्गाला जेवढं छळलं तेवढं रॉकेलच्या रांगेनंही छळलं नसेल.

उरत होती आठ मिनिटं.

हिशेब साधा आहे. कोलंबिया कंपनीनं १९४८ साली अमेरिकेत लाँग प्ले तबकडी आणली. बारा इंच व्यास, मिनिटाला ३३⅓ फेरे, आणि एका बाजूला साधारण २२ मिनिटांचं संगीत. पुढं १५ वर्षांनी, १९६३ मध्ये, फिलिप्स कंपनीनं बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात कॅसेट मांडली. ती घडवणाऱ्या चमूचे प्रमुख लू ओटेन्स. यंत्र केवढं हवं हे ठरवण्यासाठी त्यांनी कोटाच्या खिशात मावेल असा लाकडाचा ठोकळा कापून घेतला, अशी हकिकत सांगतात. त्या खिशात एलपीतलं संगीत मावेल का, याचा विचार करायचं त्यांना कारण नव्हतं. सुरुवातीला ही कॅसेट बोलणं टिपून ठेवायच्या कामाची समजली जात होती. तिचा सगळ्यात चालता अवतार म्हणजे सी-६०, दोन्ही बाजू मिळून ६० मिनिटांची. म्हणजे एका बाजूला ३०. तिसातून बावीस गेले, राहिले आठ. एकानं भांडं केलं, दुसऱ्यानं झाकण केलं, दोघांनी एकमेकांना विचारलं नाही, आणि मधली फट बुजवायचं काम डोंबिवलीच्या दोन खोल्यांच्या ब्लॉकवर येऊन पडलं.

डोंबिवलीच का, तर भरणारे काका तिथं राहतात म्हणून. तेव्हा प्रत्येक इमारतीत एक भरणारा असे, कुठं मामा, कुठं अण्णा, कुठं नुसताच 'दुसऱ्या मजल्यावरचा'. अशा सगळ्यांना मिळून इथं काका म्हटलं आहे. साल १९८२च्या आगेमागे, नोकरी रेल्वेच्या हिशेब खात्यात, बिऱ्हाड रुळांपासून दोन इमारती सोडून. या शेवटच्या तपशिलाला पुढं फार महत्त्व येणार आहे.

काकांकडे एक रेकॉर्ड प्लेअर होता. त्याच्या वेगाच्या खुंटीवर चार आकडे: १६, ३३, ४५ आणि ७८. सोळाच्या वेगाची तबकडी काकांनी आयुष्यात पाहिली नव्हती. मुलं तो वेग फक्त लताबाईंचा आवाज घोगरा करून हसण्यासाठी वापरायची आणि त्याबद्दल मार खायची. गंमत म्हणजे या वेगाची एक तबकडी तेव्हा जगातल्या कोणत्याही तबकडीपेक्षा लांब पोचलेली होती. १९७७ साली 'नासा'नं व्हॉयेजर यानांवर पाठवलेली सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी १६⅔ फेऱ्यांची आहे, आणि तिच्यावर गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर भैरवी गातायत. सोबत सुई आणि कार्ट्रिज, आणि तबकडी कशी लावायची याची आकृतीही. परग्रहावरच्यांना वस्तू उसनी देताना एवढी काळजी घेतात, आणि तिसऱ्या मजल्यावरचे बोटांचे ठसे उमटवून रेकॉर्ड परत करतात, हे काकांचं दुखणं होतं.

प्लेअरपेक्षा टेपरेकॉर्डर घरात उशिरा आला. पहिला होता तो पियानोच्या पट्ट्यांसारखी बटणं असलेला, चपटा, एका स्पीकरचा. लाल बटण आणि 'प्ले' ही दोन्ही एकदम दाबायची. एकटं लाल दाबलं तर हलायचं नाही, एकटं प्ले दाबलं तर नुसतंच फिरायचं. काकूंच्या मते यंत्रात संसाराची ही एवढीच गोष्ट बरोबर घेतली होती. प्लेअर आणि टेपरेकॉर्डर जोडायला तार नव्हती. म्हणून स्पीकरसमोर स्टूल, स्टुलावर घडी घातलेला टॉवेल, टॉवेलवर टेपरेकॉर्डर, आणि घरात मौन.

मौन कागदोपत्री. प्रत्यक्षात त्या काळातल्या कॅसेटींत कुमार गंधर्वांच्या मागं कुकरच्या तीन शिट्ट्या आहेत. एका नाट्यपदाच्या दोन कडव्यांच्या मधे कोणीतरी अत्यंत स्पष्ट आवाजात "दूध उतू जातंय" असं म्हणतं आणि गायक पुढची ओळ त्याच सुरात उचलतात. भांडी घासणाऱ्या बाईंनी एका द्रुत बंदिशीला दिलेली साथ तर सम चुकत नाही. "शूऽऽ" हा उच्चार जवळजवळ प्रत्येक कॅसेटमध्ये आहे, कारण गप्प करणाऱ्याचा आवाज टिपला जातो हे कोणाच्या लक्षात येत नसे.

यात त्या यंत्राच्या एका सद्गुणाचाही हात होता. स्वस्त टेपरेकॉर्डरमध्ये आवाजाची पातळी आपोआप राखणारी सोय असायची. आवाज मोठा झाला की यंत्र कान झाकून घ्यायचं, बारीक झाला की कान टवकारायचं. त्यामुळं गाणं चालू असताना घर दबलेलं राही, पण गाणं संपून दोन गाण्यांमधली शांतता आली, की यंत्र "काय, काय, काय झालं?" असं करत पुढं सरके आणि पंख्याची घरघर, रस्त्यावरचा भंगारवाला, बाजूच्या खोलीतला खोकला, सगळं वाढवून वाढवून भरून घेई. मग पुढच्या गाण्याचा पहिला सूर पडला की दचकून मागं. स्वभाव ओळखीचा वाटेल. चाळीच्या गॅलरीत असं यंत्र दर दोन दारांआड बसलेलं असे.

मग काकांचा मेहुणा मस्कतहून आला. येताना कॅसेट डेक घेऊन आला, दोन काटेवाल्या मीटरचा, आणि दहा परदेशी कोऱ्या कॅसेटींचं सेलोफेनमधलं पाकीट. ॲम्प्लिफायर आधीच होता. लॅमिंग्टन रोडला दोन शनिवार घालवून काकांनी पाच पिनांची एक तार मिळवली. गोल खोबणीत गोल खुंटी, आत पाच काट्या, अर्धवर्तुळात मांडलेल्या. ती आंधळेपणानं बसत नसे. वाकून, बॅटरी लावून, जीभ बाहेर काढून बसवावी लागे.

आता गाणं तबकडीवरून ॲम्प्लिफायरमध्ये आणि तिथून तारेनं थेट डेकमध्ये जात होतं. हवेचा संबंध संपला. घरात ढोल वाजवले असते तरी कॅसेटमध्ये उमटले नसते, निदान हवेतून नसते. हे काकांनी घरच्यांना समजावून सांगितलं. पण तारेला कान नसतात यावर काकूंचा विश्वास बसला नाही, आणि खरं सांगायचं तर काकांचाही. पुढची पाच वर्षं काका गाणी तारेनं भरत होते आणि घर कुजबुजत होतं. पाहुणा आला की आतून हाताची खूण व्हायची. पाहुणाही चपला हातात घेऊन आत यायचा.

आणि कुजबुजणारे अगदीच चुकत होते असंही नाही. सुई खाचेतली हालचाल टिपते, आणि मोझेइक टाइल्सवर कोणी टाच आपटली तर ती हालचालही तिच्या दृष्टीनं संगीतच. मुलगा दोरीवरच्या उड्या मारू लागला की सुई एक खाच सोडून पुढच्या खाचेत. ट्यूबलाइट लावली की स्टार्टरचा 'टक्' तारेतून गाण्यात. फ्रिज चालू झाला की आणखी एक 'टक्', पण फ्रिजला दटावता येत नसे. म्हणून भरताना फ्रिजचं बटण बंद. मालाडच्या बाजूला, जिथं आकाशवाणीचे ट्रान्समीटर आहेत, तिकडच्या भरणाऱ्यांची तऱ्हा आणखी वेगळी. तिथं सुईपासून ॲम्प्लिफायरपर्यंतची तार नीट आवरण असलेली नसली की ती चक्क एरियलचं काम करी, आणि किशोरीताईंच्या आलापामागं कोणीतरी फार दूरवरून, फार शांतपणे बातम्या देत असे.

काकांची अडचण मात्र रुळांची होती. लोकल गेली की भिंत थरथरते, भिंत थरथरली की कपाट, कपाटावर प्लेअर. काकांनी प्लेअरखाली स्पंज घातला, मग स्पंजाखाली टेनिसचे चार अर्धे कापलेले चेंडू, मग जाड फरशीचा तुकडा. थरथर कमी झाली, गेली नाही. तेव्हा काकांनी घरचा मार्ग सोडून खात्याचा मार्ग धरला. वेळापत्रक काढलं. अप, डाउन, जलद, धिम्या, मेल, एक्स्प्रेस. सलग २२ मिनिटं एकही गाडी जात नाही अशी मोकळीक शोधायची होती. दिवसा ती नव्हतीच. शेवटची लोकल गेल्यावर आणि पहिली सुटायच्या आत, रात्रीच्या मेल गाड्या वगळून, काकांना तीन फटी सापडल्या. त्यातल्या एका फटीत, शनिवारी मध्यरात्रीनंतर, बनियन आणि लेंग्यावर, मंद दिव्याखाली काकांनी भीमसेन जोशींच्या अभंगांची एलपी लावली. एकविसाव्या मिनिटाला मालगाडी आली.

मालगाडीला वेळापत्रक नसतं, हे रेल्वेच्या माणसाला कोणी सांगावं लागू नये.

भरण्याआधीची तयारी भरण्याहून मोठी. आधी तबकडी पुसायची. मखमली ब्रशनं गोल, खाचेच्या दिशेनं, आडवा फटकारा नाही. पावसाळ्यात मुंबई आणि कोकणपट्टीत तबकड्यांना बुरशी धरते, ती नुसत्या ब्रशाला दाद देत नाही. मग काहीजण त्या थेट नळाखाली धरत, मधल्या कागदी लेबलवर बशी दाबून. एकानं रिठ्याचं पाणी वापरल्याचं काकांनी ऐकलं होतं; पैठणीला चालतं ते पलुस्करांना चालेल, असं त्यामागचं तर्कशास्त्र. उन्हात वाळत घातलेल्या तबकडीचं काय होतं, ते मात्र प्रत्येकजण एकदाच शिकतो. ती पापडासारखी फुलते आणि मग सुई समुद्रावरच्या होडीसारखी वरखाली करत गाणं म्हणते.

चरे पडलेल्या जागी सुई उडायची, त्यावर देशभर एकच उपाय रूढ होता: सुईच्या डोक्यावर नाणं ठेवणं. कितीचं, यावर मतभेद. चार आण्याचं अडीच ग्रॅमचं नाणं बहुतेक ठिकाणी मान्यता पावलेलं. नाण्यामुळं सुई दाबली जायची, उडायची थांबायची आणि तबकडीची खाच मन लावून खरवडायची. पण काकांचा हिशेब वेगळा होता. एकदा कॅसेट भरली की तबकडी लावायचीच कशाला? ती कपाटात. म्हणजे शेवटच्या वेळी चार आणे ठेवले तर बिघडलं काय? ही 'शेवटची वेळ' एकेका तबकडीवर सहा-सहा वेळा आली, कारण पहिल्या पाच वेळा मालगाडी आली होती.

मग पातळी. मीटरचा काटा तांबड्यात जाता कामा नये, आणि फार खालीही राहता कामा नये. खाली राहिला तर टेपची स्वतःची 'स्सऽऽ' गाण्याच्या वर येते. नेमकी पातळी साधायची तर रेकॉर्डमधला सगळ्यात मोठा आवाज कुठं आहे हे आधी माहीत हवं. म्हणजे अख्खी बाजू एकदा ऐकायला हवी. सिनेमाच्या गाण्यात हे सोपं. ख्यालात गवई विलंबितात शांत बसलेला असतो, काका पातळी लावून चहा घ्यायला जातात, आणि परत येईतो द्रुत सुरू होऊन काटा तांबड्यात आडवा झालेला असतो. सतारीवरचा 'झाला' असेल तर विचारूच नये. पातळी मधेच कमी केली तर पुढं ऐकताना गवई अचानक दुसऱ्या खोलीत गेल्यासारखा वाटतो. काकांच्या संग्रहातले अर्धे गवई असे मैफल सोडून आत गेलेले आहेत.

ही 'स्सऽऽ' कमी करणाऱ्या डॉल्बीचं बटण मेहुण्यानं आणलेल्या डेकवर होतं. ज्यांच्या नावाचं ते बटण, ते रे डॉल्बी १९६३ ते १९६५ या काळात युनेस्कोचे सल्लागार म्हणून भारतात होते आणि इथून गेल्यावर १९६५ मध्ये त्यांनी लंडनला आपली प्रयोगशाळा काढली. दोन वर्षं भारतात राहिलेल्या माणसानं उरलेलं आयुष्य पार्श्वभूमीवरचा गोंगाट कमी करण्यात घालवावं, हा योगायोग असेल किंवा नसेलही. त्यांच्या पद्धतीत भरताना उंच स्वर वाढवून भरायचे आणि ऐकताना तेवढेच दाबायचे. त्या दाबण्यात 'स्सऽऽ'ही दबते. दोन्हीकडे बटण लागतं. पण काकांकडून भरून नेलेली कॅसेट ज्या टू-इन-वनवर वाजे, त्याला डॉल्बी ठाऊक नसे. तिथं वाढवलेले उंच स्वर वाढलेलेच वाजत. ऐकणारे म्हणत, "वा! काय खणखणीत भरलीय!" काका पहिल्यांदा समजावायला गेले. दुसऱ्यांदा गप्प बसले. तिसऱ्यांदा "डॉल्बीची आहे," एवढंच म्हणाले.

एवढं सगळं निभावून, मालगाडी न येता, काटा तांबड्यात न जाता, बाजू एकदाची संपायची. सुईनं पावणेपाचशे मीटरच्या आसपासची नागमोडी वाट चालून ७३३ फेऱ्यांत लेबल गाठलेलं असायचं, आणि ते सगळं चालणं ६३ मीटर फितीवर गुंडाळलं गेलेलं असायचं. काका 'स्टॉप' दाबायचे. खिडकीतून कॅसेटच्या पोटात बघायचे. डाव्या चाकावर अजून फीत असायची. चांगली बोटभर.

आठ मिनिटं.

ती कोरी सोडणं हा पर्याय कोणाच्या मनातही आला नाही. ताटात भाकरीचा तुकडा टाकून उठावं तसं ते झालं असतं. विकत घेतलेली फीत. तिच्यातली चार बाजूंमागं एक बाजू नुसती फिरत राहणार? तबकडी उलटून पुढचं गाणं उरलेल्या फितीवर तिथंच सुरू करावं, असं एका भाच्यानं सुचवलं होतं. तसं केलं तर एलपीची दुसरी बाजू 'अ'च्या शेवटी सुरू होऊन एका गाण्याच्या मधोमध तुटते आणि 'ब'वर पुढं चालू होते. 'गीतरामायणा'च्या एलपींच्या संचाबाबतीत काकांनी हा प्रयोग करून पाहिला. छप्पन्न गीतं, क्रम मोडायचा नाही, फीत सोडायची नाही. हिशेब खात्यातल्या माणसाला तीन रविवार लागले. निष्पन्न झालं ते असं की राम वनवासाला 'अ' बाजूवर निघतो आणि नेमका निरोपाच्या वेळी 'खट्' होऊन उलटा करावा लागतो. काकूंच्या आईला हे अशुभ वाटलं. प्रयोग बंद.

सी-९० घ्यावी तर एका बाजूला ४५ मिनिटं. अख्खी एलपी एका बाजूवर बसायला हवी. बसायचीही, पण ती ४४ मिनिटांची असेल तर. काही एलपी ४६च्या निघत, आणि मग शेवटचं गाणं शेवटच्या कडव्यात, बहुधा तानेच्या मधे, कडेलोट व्हावा तसं संपे. अशा कॅसेटवर वाढलेली मुलं पुढं मूळ गाणं पूर्ण ऐकायला मिळालं तर दचकतात; त्यांच्या मते तो सूर तिथंच पडायचा असतो. सी-१२० म्हणजे तर मोहच. पण तिची फीत इतकी पातळ की गुंडाळीतल्या एका वेढ्याचं चुंबकत्व शेजारच्या वेढ्यावर उमटतं, आणि गाणं सुरू होण्याआधी सेकंदभर त्याची भुतासारखी चाहूल लागते. शिवाय टेपरेकॉर्डरनं फीत गिळली की शिंप्याच्या दुकानातल्यासारखा ढीग बाहेर येतो. मग षट्कोनी पेन्सिल कॅसेटच्या दातांत घालून तासभर वळत बसायचं. या कामासाठी गोल पेन्सिल निरुपयोगी असते, एवढं भूमितीचं ज्ञान त्या पिढीत झाडून सगळ्यांना होतं.

तेव्हा सी-६० आणि तिची आठ मिनिटं, याला पर्याय नव्हता. काकांनी त्यासाठी वही केली. दोनशे पानी, पुठ्ठ्याची. डावीकडे कॅसेट क्रमांक, मग 'मुख्य', मग 'शिल्लक', मग 'शिलकीत भरलेले'. शिल्लक साडेसात मिनिटं असेल तर ईपीची एक बाजू बसते, दोन गाणी. साडेतीन असेल तर जुन्या ७८ची एक बाजू, कारण साडेतीन मिनिटांच्या वर ती सहसा जात नाही. त्यात राग, रस, प्रसंग हे काही बघायचं नसतं. मिनिटं बघायची असतात. त्यामुळं काकांच्या कॅसेट क्र. १७ मध्ये भीमसेनजींचे अभंग संपतात, दोन सेकंद शांतता जाते, आणि गब्बरसिंग किती माणसं होती ते विचारतो. 'शोले'च्या संवादांची तबकडी तेव्हा घरोघर होती आणि तिचा एक तुकडा शिलकीत नेमका बसला होता. आषाढीच्या पहाटे काकूंनी ही कॅसेट लावून दार सताड उघडं ठेवलं होतं. बाजू संपली तेव्हा काकूंच्या हातात निरांजन होतं.

कॅसेट क्र. ३१ म्हणजे 'शिवकल्याण राजा'. शिलकीत दादा कोंडके. क्र. ४४, संतूर-बासरी-गिटार, शिलकीत कोणा पाहुण्यांनी मायक्रोफोनवर केलेली पत्नीची नक्कल, जी पत्नीनं पुढं सात वर्षांनी ऐकली. वहीत एवढं सगळं नोंदलेलं असलं तरी कॅसेटच्या पाठीवर लिहायला जागा बोटभरच. तिथं काका टपोऱ्या अक्षरात 'भीमसेन + इतर' असं लिहीत. या 'इतर'मध्ये काय दडलंय हे त्यांना एकट्याला माहीत असे, आणि नंतर त्यांनाही नसे.

तबकडीवरचं काही शिलकीत बसेना, की शेवटी मुलं. "ये, पाढा म्हण." मुलानं २९चा पाढा म्हटला. मुलीनं मनाचे श्लोक घाईघाईत, लघवीला लागल्यासारखे. एका बाजूला फक्त एक मिनिट दहा सेकंद उरली होती. तिथं काकांनी स्वतः तारीख, वार, ठिकाण सांगितलं आणि उरलेला वेळ घसा खाकरला.

या काटकसरीनंच पुढं घात केला. कॅसेटच्या मागच्या कडेला दोन प्लॅस्टिकच्या इवल्या जिभा असतात. त्या तोडल्या की लाल बटण दाबलं जात नाही, आणि भरलेलं सुरक्षित राहतं. काका तोडत नसत. तोडली तर ती कॅसेट कायमची अडकली, पुन्हा वापरता येणार नाही! तुटलेल्या जागी सेलोटेप लावून पुन्हा भरता येतं हे त्यांना ठाऊक होतं, पण सेलोटेपलाही पैसे पडतात. सहावीतल्या पुतण्याला शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी भाषण घोकायचं होतं. त्यानं हाताला लागली ती कॅसेट घेतली. मध्यरात्रीनंतरच्या फटीत, सहाव्या प्रयत्नात, एकही मालगाडी न येता भरलेला कुमारांचा राग त्या कॅसेटमध्ये होता. आता तिथं 'मी मुख्यमंत्री झालो तर' आहे. तिसऱ्या मिनिटाला पुतण्या अडखळतो, "छे" म्हणतो, बटण बंद करतो, आणि मागून कुमार गंधर्व तानेच्या मधेच बाहेर येतात. मुख्यमंत्र्यांच्या सगळ्या आश्वासनांपेक्षा तो क्षण परिणामकारक आहे, हे पुतण्यानंही मोठेपणी मान्य केलं.

याच सुमारास ब्रिटनमधल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेनं, १९८१ मध्ये, घरी टेप करणाऱ्यांविरुद्ध मोहीम उघडली होती. घरचं टेपिंग संगीताचा जीव घेतंय, असा मजकूर आणि कवटीच्या जागी कॅसेट, खाली फुली मारलेली दोन हाडं. काकांना ते चित्र कोणी दाखवलं असतं तर ते त्यांना विजेच्या डीपीवरची सूचना वाटली असती. संगीताचा जीव घेण्याइतकी सलग २२ मिनिटं मध्य रेल्वे देत कुठं होती?

आपल्याकडे भरणाऱ्यांचा धंदा बसवला तो कवटीनं नव्हे, स्वस्ताईनं. दिल्लीत दर्यागंजला वडिलांच्या फळांच्या रसाच्या दुकानात बसणाऱ्या गुलशन कुमार यांनी १९८३ मध्ये सुपर कॅसेट्स काढली, आणि टी-सीरीजच्या भरलेल्या कॅसेटी पानाच्या ठेल्यावरही मिळू लागल्या. पुढं 'कयामत से कयामत तक' आणि 'आशिकी' यांच्या कॅसेटींनी तर भरून घ्यायचं कारणच ठेवलं नाही. विकतची कॅसेट कोऱ्या परदेशी कॅसेटीच्या आसपासच्या भावात यायला लागल्यावर काकांकडं निरोप घेऊन येणारी मुलं कमी झाली. काकांनी एक आणून पाहिली. ऐकली. मग खिडकीतून पोटात बघितलं. बाजू संपली तिथं फीतही संपलेली. कंपनीनं गाण्याच्या मापानं फीत कापली होती, शिल्लक शून्य. वहीत त्या कॅसेटला क्रमांक मिळाला नाही.

काका आता ऐंशीच्या पुढं आहेत. नातवानं परवा दिवाळीच्या सुट्टीत जुना डेक उतरवला, रबराचा पट्टा विरघळून डांबर झाला होता तो बदलून घेतला, आणि एक तार संगणकाला जोडली. ही तार आंधळेपणानंही बसते, निदान दुसऱ्या प्रयत्नात. दोनशे कॅसेटी एकेक करून चढवायला दीड महिना लागला, कारण गाणं अजूनही त्याच्या स्वतःच्या चालीनंच चालतं. ६० मिनिटांची कॅसेट ६० मिनिटं घेते. पडद्यावर २२ मिनिटांचं भरगच्च निळं रान, मग बारीकशी वाट, मग आठ मिनिटांचं खुरटं झुडूप, असं चित्र उमटे. "ही शेवटची झुडपं कापू का?" नातवानं विचारलं. काकू आतून म्हणाल्या, "गब्बर तेवढा काप." पाढा म्हणणारा मुलगा आता पन्नाशीचा आहे; त्याला फोनवरून ऐकवलं तेव्हा २९ साते १९३ असं आपण म्हटलंच नव्हतं, टेप ताणली गेल्यामुळं तसं वाजतंय, असा त्याचा दावा आहे.

सगळं एका पेन ड्राइव्हवर बसलं. अंगठ्याएवढा तुकडा, ३२ जीबीचा म्हणून आणलेला, आत भरतीचा हिशेब ३०च्याही आतला. काकांनी तो तळहातावर घेऊन वजन केल्यासारखं केलं, आणि डोळ्यांपाशी नेऊन, सवयीनं, आत बघायला खिडकी आहे का ते पाहिलं.

"भरला का पूर्ण?"

"नाही आजोबा, अर्ध्याहून थोडा जास्त. बारा जीबी उरलेत."

"मिनिटांत सांग."

नातवानं फोनवर गुणाकार केला. "आठ हजारच्या वर."

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठले, माळ्याकडे बोट दाखवलं, आणि ती दोनशे पानी वही खाली काढायला सांगितली.